पेटी दुरुस्तीचं दुकान आणि "माहीत नाही" म्हणणारे काका

हार्मोनियम म्हणजे आपली बाजाची पेटी, ती दुरुस्त करून घ्यायला पुण्यात पेठेतल्या एका छोट्या दुकानात गेले दोन महिने माझ्या चकरा चालू होत्या, त्या दुकानाचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाहीये कारण काकांनीच सांगितलं, "ताई, नाव नका टाकू, आत्ताच अकरा पेट्या पडून आहेत, अजून आल्या तर लोकांना दिलेल्या तारखा माझ्याच्यानं पाळल्या जाणार नाहीत." ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी पेठेतल्या कुठल्याही भजनी मंडळात विचारा, पत्ता मिळेल.

लिहिणं लांबणार आहे हे आधीच सांगते. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातल्या एका गावात, मी नोकरीमुळे पुण्यात, पण महिन्यातले दोन रविवार गावी जाते आणि संडे स्कूलची मोठी मुलं माझ्याकडे असतात. नेमकं तेव्हा आमची दहा आज्ञांमधली नववी आज्ञा चालू होती, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस (कॅथलिक लोकांच्या मोजणीत ही आठवी येते, आज्ञा तीच). त्यामुळे दुकानात जे जे घडलं ते माझ्या डोक्यात त्या धड्याला जाऊन चिकटत गेलं, आता वेगळं काढून लिहिता येत नाहीये.

तर पेटी. चर्चची जुनी पेटी, साडेतीन सप्तकाची, डबल सुरांची, प्रत्येक पट्टीला एक खर्ज (खालचा) आणि एक नर (त्याच्या वरचा), म्हणजे 42 पट्ट्या आणि 84 सूर (सूर म्हणजे हवेनं थरथरून आवाज देणारी आतली पितळी पाती). नारायण वामन टिळकांची भजनं आमच्याकडे अजून हिच्यावरच म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून भाता हवा धरेना, दोन ओळी म्हणेपर्यंत श्वास संपायचा, आणि मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या दाबल्या की नुसती फुस्स हवा. कमिटीनं ठरवलं की पुण्याला नेऊन एक तर रिपेअर करा नाहीतर एक्सचेंज करून नवीन आणा, आणि जबाबदारी माझ्यावर आली.

आधी मी एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेले होते. तिथल्या मुलानं पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. वरूनच दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाला, मॅडम ही संपलीय, 2,000 देतो, नवीन घ्या, 28,000 ला बसेल, हिच्यात 100 टक्के ओरिजिनल पालितानाचे सूर आहेत. (पालिताना म्हणजे गुजरातमधलं गाव, तिथे बनणाऱ्या सुरांना नाव आहे, पेटी घेणारा प्रत्येक जण पहिला तोच प्रश्न विचारतो.) मी सहज विचारलं की पालितानाचेच आहेत हे कशावरून? तर म्हणाला, सगळ्यांत तेच असतात मॅडम. मुलगा वागायला चांगला होता, पाणी दिलं, पेटी रिक्षात ठेवायला मदत केली, त्याच्या मनात मला फसवायचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्याला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचं त्याला काही वाटतही नव्हतं. आपल्याकडे म्हणतात ना, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग ऑफिसमधल्या एकांनी या काकांचं नाव सांगितलं. दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय आठची खोली, खाली लाकडाचा भुस्सा, भिंतीला टांगलेले भाते, आणि सरसाचा तो वास. बसायला एक स्टूल, त्याच्यावरही पेटीच ठेवलेली. काकांनी नमस्कार केला आणि पुढची दहा-बारा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. झाकण काढलं, जाळी काढली, सगळे स्टॉपर बंद करून भाता भरला आणि तो किती वेळात खाली बसतो ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. मग एकेक पट्टी दाबत वहीत खुणा केल्या. आणि मग सांगितलं की भात्याचे दोन कोपरे गेलेत, चामडं पूर्ण नवीन घालावं लागेल, पट्ट्यांखालचं फेल्ट कसरीनं खाल्लंय, 84 पैकी 5 सूर मेलेत, आणि अजून 2 कोणीतरी कानशीनं इतके खरवडलेत की ते वाजतील पण कधीच नीट लागणार नाहीत. सूर टोकाला खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो, आणि पितळ एकदा गेलं की गेलं, हे मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, दुरुस्त केल्यावर किती वर्षं चालेल?

"माहीत नाही."

मी म्हटलं साधारण? तर म्हणाले, "चामडं आणि फेल्ट माझ्या हातचं असेल, ते दहा वर्षं जावं. सूर माझ्या हातचे नाहीत, त्यांचं मी सांगू शकत नाही."

रिव्ह्यूमधला सगळ्यात मोठा पॉइंट माझ्या दृष्टीनं हाच आहे, म्हणून थोडं थांबते. संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानं साधारण 395 साली खोटं बोलणं या एकाच विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की खोटं ठरतं ते मनात एक आणि तोंडात एक असं असल्यामुळे. म्हणजे एखादी गोष्ट चुकीची निघाली पण बोलणारा ती मनापासून खरी मानत होता तर त्याला लबाड म्हणता येत नाही. पण तिथेच तो हेही सांगतो की जी गोष्ट आपल्याला माहीत नाही ती माहीत आहे असं धरून बोलणारा दोषातून सुटत नाही, तो उतावळेपणाचा दोष आहे. मी हे पूर्वी एका अभ्यासवर्गात शिकले होते आणि शिकवतानाही सांगायचे, पण मला कायम पहिला भागच मोठा वाटायचा, दुसरा म्हणजे किरकोळ तळटीप. चकचकीत दुकानातला मुलगा आणि हे काका एकाच आठवड्यात भेटले आणि मला वाटायला लागलं की आपल्या रोजच्या आयुष्यात तो दुसरा भागच जास्त भरलेला आहे. ठरवून खोटं बोलणारा माणूस निदान खरं काय ते मनात जपून असतो, लपवायचं तरी काय हे त्याला माहीत असावं लागतं. ठोकून देणाऱ्याला ते शोधायचीच गरज वाटत नाही. आणि अशा माणसाला तू खोटं बोललास असं म्हटलं तर त्याला खरोखर वाईट वाटतं, कारण त्याच्या लेखी तो खोटं बोललेलाच नसतो, म्हणून त्याला पश्चात्तापही सुचत नाही. मला हे भयंकर वाटतं.

आता माझी गोष्ट. काकांनी खर्च सांगितला 4,800. मी सवयीनं, अगदी विचार न करता म्हटलं, "काका, पलीकडे एक जण 4,000 मध्ये करून देतोय." असा कोणी नव्हता. भाजी घेताना, रिक्षा करताना, साडी घेताना आपण जे बोलतो तेच मी बोलले. काकांनी हातातलं काम थांबवून खरंच उत्सुकतेनं विचारलं, "कोण? 4,000 मध्ये चामडं नवीन घालतो का तो? चामडं कुठून आणतो विचाराल का? मला महाग पडतंय हल्ली." त्यांना माझ्या बोलण्यावर संशय आला नव्हता, ते त्या माणसाचा पत्ता मागत होते. मला काही उत्तर देता येईना, बघते विचारून असं काहीतरी बोलून मी घरी आले.

रात्री दुसऱ्या दिवशीचा धडा काढताना बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातला, 20 व्या अध्यायातला तो श्लोक समोर आला, घेणारा माणूस वाईट आहे, वाईट आहे म्हणतो आणि निघून गेला की मग बढाई मारतो. शास्त्रात दुकानदाराच्या खोट्या तागडीबद्दल बरंच आहे, लेवीयात आहे, नीतिसूत्रांत आहे, आमोस संदेष्टा तर माप लहान करून आणि गव्हातला भुसा विकून पैसे करणाऱ्यांवर तुटून पडतो. आणि आपण गिऱ्हाइकं ते सगळं दुकानदारासाठी आहे असं समजून वाचतो. पण हा एक श्लोक सरळ गिऱ्हाइकाच्या तोंडाबद्दल आहे आणि मी तो इतकी वर्षं शिकवत आले होते, मुलांना त्यावर प्रश्न काढून देत होते.

तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की काका, तसा कोणी नाहीये, मी भाव कमी व्हावा म्हणून बोलले. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणाले "बरं झालं सांगितलंत, मी उगाच त्याला शोधत बसलो असतो." आणि 4,800 चे 4,800 च राहिले.

इथे क्वेकर लोकांचं सांगते कारण दुकानांशी त्याचा थेट संबंध आहे. 17 व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे जे लोक गेले त्यांनी प्रभू येशूचं वाक्य, तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच असावं, हे अक्षरशः घेतलं. कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी बोलतो ते वेगळं असा अर्थ होतो, आणि त्यासाठी तुरुंगात गेले, फॉक्स स्वतः 1664 साली लँकेस्टरच्या तुरुंगात होता. शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापूर्वक सांगणं चालेल असा कायदा व्हायला 1696 उजाडलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुकानातली गोष्ट. हे लोक घासाघीस करत नव्हते. दहाला द्यायची वस्तू पंधरा सांगायची आणि मग उतरत यायचं, म्हणजे पहिलं वाक्यच खोटं, म्हणून ते एकच भाव सांगायचे. फॉक्सनं लिहून ठेवलंय की सुरुवातीला त्यांची गिऱ्हाइकं तुटली, धंदा बसला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की यांच्या दुकानात लहान मूल पाठवलं तरी मोठ्या माणसाला मिळतो तोच भाव मिळतो, आणि मग गर्दी झाली. हे वाचताना मला नेहमी ते पाठवलेलं मूलच दिसतं, हातात पैसे घट्ट धरून उभं असलेलं, ज्याला घासाघीस येत नाही. आपल्याकडे फिक्स्ड रेटची पाटी असते त्या दुकानाला आपण माजलेलं म्हणतो. काकांकडे पाटी नाही पण भाव एकच आहे, माझ्यासमोर एका मोठ्या गायकाचा माणूस आला होता, त्यालाही चामड्याचा तोच दर सांगितला.

आता खरी गोष्ट. काम सुरू झाल्यावर आठवड्याभरात काकांचा फोन आला, एकदा येऊन जा, काही दाखवायचंय. मला वाटलं खर्च वाढणार. गेले तर त्यांनी सगळे सूर काढून कापडावर ओळीनं मांडले होते आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्ही मागच्या वेळी म्हणाला होतात की फारच खर्च असेल तर पेटी इथेच ठेवून घ्या म्हणून. मी ठेवून घेतली असती तर पाप लागलं असतं. हे जुने पॅरिसचे सूर आहेत असं मला वाटतं. सगळे नाहीत. पितळ बघा, रिवेट बघा. नुसत्या या सुरांसाठी लोक पेटीच्या किमतीइतके पैसे देतात. विकायची असेल तर मला विचारू नका, अजून दोघांना दाखवा आणि मग ठरवा."

आमच्या पूर्ण कमिटीला ही पेटी भंगार वाटत होती. दुसऱ्या दुकानात 2,000 ला द्यायला मी जवळजवळ तयार झाले होते. काकांनी 3,000 म्हटलं असतं तर मी आनंदानं देऊन आले असते आणि मंडळीत जाऊन सांगितलं असतं की बघा हजार जास्त मिळवले. कोणालाही कधीही कळलं नसतं.

ऑगस्टीनच्याच एका दुसऱ्या ग्रंथात अशी एक गोष्ट आहे. तो सांगतो की एका नकल्यानं नाटकगृहात जाहीर केलं, तुम्हा सगळ्यांच्या मनात काय आहे ते मी पुढच्या खेळाला सांगतो, आणि ठरल्या दिवशी गर्दी जमली तेव्हा म्हणाला, तुम्हाला स्वस्तात घ्यायचंय आणि महाग विकायचंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ऑगस्टीन म्हणतो की हे सगळ्यांना लागू नाही, मला एक माणूस माहीत आहे, त्याच्याकडे कोणीतरी हस्तलिखित विकायला आणलं, विकणाऱ्याला त्याची किंमत माहीत नव्हती, त्यानं अगदी थोडे पैसे मागितले, आणि या माणसानं त्याला योग्य ती, मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त किंमत दिली, विकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसताना. नाव सांगितलेलं नाही. मला ही गोष्ट वाचल्यापासून वाटायचं की असं ग्रंथात असतं. तो माणूस सोळाशे वर्षांनी भुश्श्यात मांडी घालून बसलेला मला दिसेल असं वाटलं नव्हतं.

थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं 13 व्या शतकात हाच प्रश्न अगदी दुकानाच्या भाषेत घेतलाय, मालातला दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे का? त्याचं उत्तर व्यवहारी आहे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा आहे, आणि भाव त्याप्रमाणे कमी लावला असेल तर ओरडून सांगायची गरज नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यानं घेणाऱ्याचं नुकसान किंवा जिवाला धोका होणार असेल, लंगडा घोडा वेगवान म्हणून, पडायला आलेलं घर मजबूत म्हणून, तर सांगितलंच पाहिजे. इथपर्यंत ठीक. पुढे तो त्या जुन्या गव्हाच्या व्यापाऱ्याचं उदाहरण घेतो, ज्या गावात धान्य महाग आहे तिथे हा गहू घेऊन पोचलाय आणि त्याला माहीत आहे की मागून अजून बरेच व्यापारी येतायत, मग भाव पडणार. त्यानं ते गिऱ्हाइकांना सांगायचं का? अक्वायनस म्हणतो, न सांगितलं तर अन्याय केला असं म्हणता येणार नाही, पण सांगितलं तर ते फार मोठ्या सद्गुणाचं काम होईल. संडे स्कूलमध्ये माझा या "अन्याय नाही" वर नेहमी वाद व्हायचा, कॉलेजला जाणारी मुलं म्हणायची बरोबर आहे, धंदा आहे, आणि मीही शेवटी होच म्हणायचे. आता नाही म्हणणार. किमान इतकं तरी सांगेन की न्यायाच्या रेषेवर थांबलेला दुकानदार आणि त्या रेषेच्या पुढे चार पावलं चालत आलेला दुकानदार यांच्यातला फरक गिऱ्हाइकाच्या अंगावर कसा येतो ते मी अनुभवलंय, मला तिथे स्टुलावरची पेटी खाली ठेवून बसावं लागलं.

आणि आता ते, ज्याच्यामुळे मला हा रिव्ह्यू लिहायला महिना लागला. आमच्या मंडळीत पिढ्यान् पिढ्या सांगतात की ही पेटी एका मिशनरी साहेबांनी 1880 च्या आसपास थेट पॅरिसहून आणली. चर्चच्या स्मरणिकेत छापलेलं आहे. कोणी कोणी तर त्यात टिळकांचंही नाव जोडतं की ते या पेटीवर गायले होते. मी स्वतः दर वर्षी मुलांना हे सांगत आलेय. पॅरिसचे सूर निघाले म्हटल्यावर मला आधी केवढा आनंद झाला, म्हटलं पुरावाच मिळाला. मी काकांना तसं म्हटलं, तुम्ही लिहून द्याल का? काकांनी पेटी उलटी केली. डबा सागवानी, सांधे इकडच्या सुतारकामाचे, आणि आतल्या बाजूला सुरांच्या घरांवर पेन्सिलीनं मराठी आकडे, एक ते बेचाळीस. हार्मोनियमचं पेटंट 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये देबाँ नावाच्या कारागिरानं घेतलं हे खरं, पण तिकडून यायच्या त्या बहुतेक पायपेट्या, आणि मांडी घालून हातानं भाता मारायची आपली पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास बांधली असं मानतात. काका म्हणाले, "डबा इकडचा आहे. सूर तिकडचे वाटतात. दोघांचं लग्न नंतर कोणीतरी लावलंय. केव्हा, कोणी, माहीत नाही." टिळकांबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते मी कसं सांगू? पेटी मला ते सांगत नाही."

मी गावी जाऊन हे सांगितलं तर काहींचे चेहरे पडले. एक वडीलधारे म्हणाले, बाई, असू दे ना, लोकांची श्रद्धा वाढते, कोणाचं काय बिघडतं. ते अतिशय चांगले गृहस्थ आहेत, माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज रात्री येऊन प्रार्थना करायचे, त्यांच्याशी वाद घालणं मला फार जड गेलं. पण ऑगस्टीननं खोटं बोलण्याचे आठ प्रकार केलेत आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणून पहिल्या नंबरवर ठेवलाय तो धर्माच्या शिकवणीत बोललेल्या खोट्याचा. पुढे 420 च्या सुमारास त्याला परत एकदा लिहावं लागलं, कारण एका लपून राहणाऱ्या पंथातली माणसं शोधायला आपणही त्यांच्यातलेच आहोत असं खोटं सांगावं का असा प्रश्न लोकांनी काढला होता, आणि त्यानं तेव्हाही नाहीच म्हटलं. बायबलमधला ईयोबही आपल्या मित्रांना तेच विचारतो, तुम्ही देवासाठी कपटाचं बोलणार काय? आमची पेटीची गोष्ट म्हणजे फार मोठी शिकवण नाही हे मलाही कळतं. ज्यानं पहिल्यांदा सांगितली त्यालाही ती खरीच वाटली असणार. पण मी ती कधी तपासली नाही. मी मुलांसमोर उभी राहून, हातात शास्त्र घेऊन, ऐकीव गोष्ट पक्की म्हणून सांगत राहिले, आणि त्या चकचकीत दुकानातल्या पोराला मात्र मनातल्या मनात नावं ठेवली. तो म्हणाला सगळ्यांत तेच असतात, मीही वेगळं काही म्हणत नव्हते, सगळे तेच सांगतात.

त्या महिन्यात मुलांबरोबर प्रेषितांच्या कृत्यांतला 5 वा अध्याय घेतला, हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट. जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले, आणि सगळे दिले असं दाखवलं. प्रेषित पेत्र सप्पीरेला एवढंच विचारतो की तुम्ही जमीन एवढ्यालाच विकली का? एका किमतीबद्दलचा साधा प्रश्न. पैसे मागे ठेवायला त्यांना पूर्ण मोकळीक होती, हे पेत्र स्वतःच आधी सांगतो. "नाही" असं एका शब्दात म्हणता आलं असतं. एका मुलीनं विचारलं, ताई मग आपण स्मरणिकेत पेटीचं काय लिहायचं? मी म्हटलं मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहायचं. ती म्हणाली मग फार कमी लिहून होईल. हो, कमीच होईल.

आता बाकीचे मुद्दे पटापट. काम उत्तम झालंय, भाता मऊ चालतो, गळती नाही, मेलेल्या 5 सुरांच्या जागी नवीन पालितानाचे घातलेत, ते कुठल्या कारागिराकडून आणले ते काकांना माहीत होतं आणि त्यांनी ते सांगितलं. खरवडलेले 2 सूर मधल्या जागेतून काढून अगदी खालच्या टोकाला बसवलेत जिथे कोणी फारसं जात नाही, आणि ते कुठे आहेत ते मला पट्टी दाबून दाखवलं. वेळ मात्र लागला, तीन आठवडे सांगून सात लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला की माझा अंदाज चुकला, चामडं आलं नाही. कारण खरं होतं तरी आम्हाला अजून चार रविवार बिनपेटीचं गावं लागलं आणि एका लग्नाला पेटी उसनी आणावी लागली, ते गैरसोयीचं झालंच.

अर्धा स्टार मी दुसऱ्याच गोष्टीसाठी कापतेय. माझ्यासमोर एक वडील आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते, त्याच्यासाठी ऑनलाइन घेतलेली पेटी दाखवायला. काकांनी दोन पट्ट्या दाबून मुलासमोरच सांगितलं की ही वाजवण्याच्या लायकीची नाही, पैसे गेले तुमचे. ते खरंच होतं. पण मुलाचे डोळे भरले आणि वडील काही न बोलता पेटी उचलून निघून गेले. पौल इफिसकरांना सत्य बोला म्हणतो तेव्हा प्रीतीनं बोला असं सोबत जोडतो, आणि मला वाटतं काकांना आधी मुलाला बाहेर रसाचा ग्लास प्यायला पाठवता आलं असतं. मी हे त्यांना म्हटलंही. त्यांनी बराच वेळ कानस घासली आणि म्हणाले, "हो. चुकलंच." पुढच्या खेपेला गेले तेव्हा कळलं की त्यांनी त्या वडिलांना फोन करून पेटी परत आणायला सांगितली होती, निदान भाता तरी नीट करून देतो म्हणून. ते आले की नाही ते माहीत नाही.

यूपीआय चालतं. मंगळवारी बंद. सूर लावत असतील तर आत जाऊन बोलू नका, दारात थांबा, ते स्वतः मान वर करतील. गाडी लावायला जागा नाही, पेटी जड असते, रिक्षा दारापर्यंत जाते.

आणि बिल जपून ठेवा. माझं बिल हातानं लिहिलेलं, दोन पानी आहे, चामडं, फेल्ट, सूर सगळं वेगवेगळं, आणि खाली एक ओळ, "डबा देशी. जुने सूर 77, बहुतेक पॅरिस, खात्री नाही. 2 सूर खराब, वापरात ठेवले आहेत. 5 नवीन." पुढच्या स्मरणिकेत पेटीच्या फोटोखाली हीच ओळ छापा असं मी कमिटीला लेखी दिलंय. मीटिंग येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.